चार जीबी रॅम गेली कुठे?

सकाळी लॅपटॉप सुरू केला, अजून ब्राउझरसुद्धा उघडला नव्हता, आणि विंडोजमधला टास्क मॅनेजर (कोण किती मेमरी वापरतंय ते दाखवणारी खिडकी) सांगत होता की मेमरी ७० टक्के भरलेली आहे. हे एका दिवसाचं नव्हतं. गेले काही महिने असंच चाललं होतं. दुपारपर्यंत आकडा ८० च्या पुढे जायचा. मग टाइप केलेली ओळ पडद्यावर उमटायलाच वेळ लागायचा, एका खिडकीतून दुसरीत जाताना सगळं क्षणभर गोठायचं. माझं भाषांतराचं काम दिवसभर याच यंत्रावर चालतं. लांब फाइल, शब्दकोश आणि ब्राउझरच्या आठ-दहा टॅब, याहून जास्त मी कधी काही उघडत नाही. ८ जीबी रॅमला एवढं जड जायला नको.

सुरुवातीला जे सगळे करतात तेच मीही केलं. टॅब कमी केल्या, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स काढली, लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद केले, व्हायरससाठी पूर्ण स्कॅन केला. फरक पडला तो शंभर-दोनशे एमबीचा. सिसमेन नावाची, नेहमी लागणारे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये वाचून ठेवणारी विंडोजची सेवा बंद करा, असा सल्ला जिथे तिथे मिळतो. तीही करून पाहिली. त्याचा उपयोग का झाला नाही हे नंतर कळलं. सिसमेन जे आधीच वाचून ठेवतं ते स्टँडबाय यादीत असतं, आणि गरज पडली की विंडोज ती जागा लगेच दुसऱ्याला देतं. टास्क मॅनेजर ती 'उपलब्ध' मेमरीतच मोजतो. माझ्याकडे भरलेली दिसत होती ती खरोखरच अडकलेली मेमरी होती.

रॅम 'साफ' करणारा एक प्रोग्रॅमही चालवला. बटण दाबलं की आकडा खाली यायचा आणि पाच मिनिटांत परत चढायचा. असे प्रोग्रॅम चालू कामांची पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, रॅममधून बाहेर ढकलतात. काम पुढे सरकलं की तीच पानं परत आणावी लागतात, काही तर डिस्कवरून. म्हणजे यंत्र उलट आणखी मंद होतं. तो प्रोग्रॅम मी त्याच दिवशी काढला. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही काढा, असं मी मनापासून सांगेन.

धाकट्या भावाचं म्हणणं वेगळं होतं. "ताई, आठ जीबीत आता काही होत नाही. रॅम वाढव आणि मोकळी हो." मी मागवायच्या बेतात होतेही. पण त्याआधी एक बेरीज करून पाहावीशी वाटली, आणि तिथून सगळं फिरलं.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसेसची यादी मेमरीप्रमाणे लावली, आणि कागद घेऊन वरपासून खालपर्यंत एकेक आकडा मांडला. पन्नास एमबीच्या खालचे ढोबळमानाने धरले. बेरीज आली २.४ जीबी. परफॉर्मन्सच्या पानावर वापरात असलेली मेमरी होती ६.३ जीबी. थोडा फरक पडणारच, कारण यादीतल्या रकान्यात प्रत्येक प्रोसेसची फक्त स्वतःची मेमरी धरतात. अनेकांनी मिळून वापरलेली आणि खुद्द विंडोजची त्यात येत नाही. पण असा फरक काहीशे एमबींचा असावा. इथे जवळजवळ ४ जीबी कुणाच्याच नावावर नव्हते. यादीत जो नाहीच, त्याला यादीतून बंद करणार तरी कसं?

याच परफॉर्मन्सच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात काही आकडे असतात, त्यांच्याकडे मी तोवर कधी लक्षच दिलं नव्हतं. पेज्ड पूल ४०० एमबीच्या आसपास होता. नॉन-पेज्ड पूल मात्र ३.४ जीबी! भावाला त्याच्या लॅपटॉपवर तोच आकडा बघायला सांगितला. त्याच्याकडे ३०० एमबीसुद्धा नव्हते.

पूल म्हणजे कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे किंवा गाभ्याला जोडून काम करणारे छोटे प्रोग्रॅम) वापरतात ती मेमरी. साध्या प्रोग्रॅमची मेमरी टंचाईच्या वेळी विंडोज डिस्कवर हलवू शकतं. नॉन-पेज्ड पूलमधली मेमरी मात्र रॅममध्येच राहावी लागते, कारण हार्डवेअरचा इशारा आला की त्या क्षणी ती हाताशी हवी असते, डिस्कवरून येईपर्यंत थांबता येत नाही. त्यामुळे एखादा ड्रायव्हर तिथे जागा घेत राहिला आणि सोडायचं विसरला, तर तेवढी रॅम आपल्या हातची गेली. मेमरीची गळती म्हणतात ती हीच.

खात्रीसाठी रॅममॅप चालवलं. सिसइंटर्नल्सच्या साधनांपैकी हे एक, मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतं. पहिल्याच पानावर रॅमचा पूर्ण हिशेब ओळीओळीने मांडलेला असतो. माझ्याकडे नॉन-पेज्ड पूलचीच ओळ फुगलेली होती. तुमच्याकडे दुसरी एखादी ओळ फुगलेली असेल तर वाटही दुसरी. उदाहरणार्थ, ड्रायव्हर लॉक्ड ही ओळ मोठी असेल तर आधी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे यंत्रातच चालणारं दुसरं आभासी यंत्र, चालू आहे का ते पाहावं, कारण त्याला दिलेली रॅम बहुधा तिथे दिसते.

पण एक गोष्ट मला पटत नव्हती. गळती असेल तर ती रोज शून्यापासून सुरू व्हायला हवी. मी लॅपटॉप रोज रात्री शट डाउन करते. मग सकाळी सुरू केल्या केल्या ७० टक्के कसे? रात्रभर बंद असलेल्या यंत्राची रॅम भरते कशी?

उत्तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये होतं, सीपीयूच्या पानावर. तिथे यंत्र किती वेळ सलग चालू आहे ते अप टाइम म्हणून लिहिलेलं असतं. माझ्याकडे लिहिलं होतं २३ दिवस आणि काही तास. रोज हाताने बंद केलेला लॅपटॉप २३ दिवस चालू! मी तो आकडा दोनदा वाचला.

विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आहे आणि अनेक लॅपटॉपवर ती आधीपासूनच चालू असते. शट डाउन केलं की आपले प्रोग्रॅम बंद होतात, आपण साइन आउट होतो, पण कर्नल आणि ड्रायव्हर होते त्या अवस्थेत डिस्कवरच्या एका फाइलमध्ये जपून ठेवले जातात. सकाळी बटण दाबलं की तेच जसंच्या तसं रॅममध्ये परत येतं, म्हणून यंत्र पटकन उभं राहतं. त्याबरोबर ड्रायव्हरने अडवून ठेवलेली मेमरीही परत येते. माझी गळती रात्री झोपत होती आणि सकाळी तिथूनच पुढे चालू होत होती. रीस्टार्टचं तसं नाही. रीस्टार्टमध्ये कर्नल दर वेळी नव्याने सुरू होतो.

आणि मग आणखी एक कोडं सुटलं. महिन्यातून एकदा विंडोजचं अपडेट झालं की लॅपटॉप चार-सहा दिवस छान चालायचा. मला वाटायचं, अपडेटने काहीतरी सुधारलं. प्रत्यक्षात अपडेटच्या निमित्ताने तो रीस्टार्ट होत होता, एवढंच.

त्या संध्याकाळी रीस्टार्ट करायचा मोह फार झाला. पण केला नाही. केला असता तर पूल रिकामा झाला असता आणि कोण गळतंय याचा पुरावा पुसला गेला असता. आजार कळेपर्यंत ताप उतरवायचा नाही, असं ठरवलं.

चोर शोधायला पूलमॉन लागतं, म्हणजे पूलमधली मेमरी कोण घेतंय ते दाखवणारं साधन. ते ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठीच्या विंडोज ड्रायव्हर किटबरोबर येतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ते चालवलं की काळ्या खिडकीत आकड्यांच्या ओळी दर काही सेकंदांनी बदलत राहतात. पी दाबून फक्त नॉन-पेज्ड ठेवायचं आणि बी दाबून बाइट्सच्या क्रमाने लावायचं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टॅग असतो. ड्रायव्हर कर्नलकडून मेमरी मागताना तिच्यावर जास्तीत जास्त चार अक्षरांची ही खूण लावतो. पुढच्या रकान्यांत किती वेळा मेमरी घेतली, किती वेळा परत केली आणि दोन्हींतला फरक. हा फरक म्हणजे डिफ. निरोगी ड्रायव्हरचा डिफ वरखाली होत राहतो. जो फक्त चढतो, तो गळका.

माझ्या पडद्यावर सगळ्यात वरच्या ओळीचा डिफ होता ६१ लाख. प्रत्येक तुकडा ५४४ बाइटचा, म्हणजे एकूण सुमारे ३.१ जीबी. दुसऱ्या क्रमांकावरची ओळ ४० एमबीचीसुद्धा नव्हती. एवढा उघड फरक असेल असं वाटलं नव्हतं.

आता हा टॅग कुणाचा? किटबरोबर टॅगची एक मजकूर फाइल येते, तिच्यात विंडोजच्या आपल्या टॅगची माहिती असते. माझा टॅग तिच्यात नव्हता, म्हणजे ड्रायव्हर बहुधा बाहेरचा. मग सिस्टिम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये जाऊन फाइंडस्ट्र या कमांडने सगळ्या सिस फाइल्समध्ये, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइल्समध्ये, ती चार अक्षरं शोधली. दोन नावं आली. एक वायफाय कार्डाचा ड्रायव्हर. दुसरी फाइल ओळखीची वाटेना, म्हणून तिच्या प्रॉपर्टीज उघडल्या. लॅपटॉपबरोबर आधीपासून भरून आलेला एक प्रोग्रॅम होता, कोणत्या ॲपला इंटरनेटचा वेग जास्त द्यायचा ते ठरवणारा, आणि ही फाइल त्याचा फिल्टर ड्रायव्हर होती, म्हणजे नेटवरून येणारी-जाणारी माहिती मधेच बघणारा ड्रायव्हर. तो प्रोग्रॅम मी आयुष्यात एकदाही उघडला नव्हता. नाव इथे लिहीत नाही, कारण तुमच्याकडचा गळका ड्रायव्हर दुसराच असू शकतो आणि शोधायची रीत मात्र हीच राहील.

दोघांपैकी नक्की कोण, हे नावावरून ठरवायचं नव्हतं. पूलमॉनची खिडकी बाजूला उघडी ठेवून बसले. आधी एअरप्लेन मोड लावला. डिफ जागच्या जागी थांबला, दहा मिनिटं हललाच नाही. डिस्कवरचा व्हिडिओ लावला, मोठी फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात टाकली, तरी तसाच. मग नेट चालू करून साधारण १ जीबीची फाइल उतरवायला घेतली. आकडा डोळ्यांसमोर पळू लागला. फाइल पूर्ण झाली तेव्हा डिफ ६५ हजारांनी वाढला होता, म्हणजे ३५ एमबी गेले. पाच मिनिटं काहीही न करता वाट पाहिली. एकही तुकडा परत आला नाही.

मग वायफाय ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये गेले. तिथल्या यादीत त्या फिल्टरची ओळ होती, तिची खूण काढली आणि तीच फाइल पुन्हा उतरवली. वायफाय ड्रायव्हर तोच, फाइल तीच, पण डिफ तसूभरही वाढला नाही. खूण परत लावली, फाइल परत उतरवली. पुन्हा वाढ. एवढ्यावर माझी खात्री झाली. यंत्राच्या आत काय चाललंय ते कधीच कळणार नाही असं धरून मी कित्येक महिने काम केलं होतं, आणि इथे तेच मला हवं तेव्हा चालू-बंद करता येत होतं. फार बरं वाटलं.

तो प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला आणि या वेळी शट डाउन न करता रीस्टार्ट केलं. काही न उघडता मेमरी ३२ टक्के, नॉन-पेज्ड पूल २८० एमबी. अनइन्स्टॉलनंतर ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये ती फाइल खरंच गेली आहे ना, तेही पाहिलं. हे पाहायला विसरू नका. वरचा प्रोग्रॅम जातो आणि खालचा ड्रायव्हर मागे राहतो, असं होऊ शकतं.

लॅपटॉपच्या कंपनीला टॅग, डिफचे आकडे आणि दोन्ही वेळच्या चाचणीची हकिकत सविस्तर लिहून पाठवली. या प्रोग्रॅमची ज्यांना खरंच गरज आहे, त्यांच्यासाठी तो दुरुस्त व्हायला हवा असं मला वाटतं.

फास्ट स्टार्टअप बंद करावं की नाही, यावर भावाचं आणि माझं एकमत झालं नाही. तो म्हणाला, "अगं, गळती गेली ना, मग आता कशाला बंद करतेस?" मुद्दा बरोबर आहे. तरी मी कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद केलं. एसएसडी असल्यामुळे सुरू व्हायला थोडेच सेकंद जास्त लागतात, आणि शट डाउन म्हटलं की खरोखर शट डाउन व्हावं एवढीच माझी अपेक्षा आहे. ज्यांना ते चालूच ठेवायचंय, त्यांनी अधूनमधून रीस्टार्ट करावं किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करावं. तेव्हा कर्नलही पूर्ण बंद होतो.

रॅम मागवली नाही. आज सकाळी पाहिलं तेव्हा अप टाइम होता २ तास १० मिनिटं, शब्दकोश आणि नऊ टॅब उघड्या होत्या, आणि नॉन-पेज्ड पूल होता २९५ एमबी.