तुला सांगायचं नव्हतं

शनिवार-रविवार कसा गेला असं उद्या कुणी विचारलं, तर "मस्त, नुसती धावपळ" असं सांगेन आणि ते खोटं नसेल. गाड्यांचं प्रदर्शन झालं. भंडारदऱ्याचं एकदाचं ठरलं. तंबू गच्चीवर पसरून झाले. चिमूची बातमी कळली. सगळं चांगलंच. तरी मध्यरात्र उलटून गेली आणि मी जागी आहे, ती ओवीच्या एका वाक्यापायी.

"अगं आत्या, पण तुला सांगायचं नव्हतं ना."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली आणि वहिनीच्या मागे जाऊन लपली. पोरीची काय चूक? तिला जे सांगितलं होतं तेच ती बोलली. पण कुणीतरी तिला बसवून सांगितलं असणार, की आत्यासमोर हा विषय काढायचा नाही. ते बसवून सांगणं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

शुक्रवारी संध्याकाळी मी आणि बाबांनी फियाट धुतली. मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटलेली माती जुन्या टूथब्रशनं काढायची, मग ग्रिलचं क्रोम कोरड्या फडक्यानं, एकाच दिशेनं पुसायचं. बाबांचा हा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडलेला त्यांना चालत नाही. मला ते काम फार आवडतं. डोकं रिकामं होतं. खूप दिवसांनी मी काहीतरी गुणगुणत होते, हे मला नंतर कळलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

मैदानावर आमच्या एका बाजूला स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनायची ती. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उघडतं, त्यामुळे मुलांची गर्दी तिच्याभोवतीच. दुसऱ्या बाजूला पन्नासच्या दशकातली डुक्कर फियाट, पुढची दारं उलटी उघडणारी. आमच्या गाडीपाशी येणारा दर दुसरा माणूस "अरे, काळी-पिवळी!" म्हणायचा आणि बाबा न कंटाळता सांगायचे की ही पद्मिनी नव्हे, पद्मिनीची आई. ही १९६८ची, फियाट ११०० डिलाइट. पद्मिनी हे नाव १९७४ साली आलं. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगला. मग वालचंद हिराचंद, मग प्रीमियरचा कुर्ल्याचा कारखाना. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी बाबा नीट जेवले नव्हते. शनिवारी मात्र त्यांचा आवाज सकाळपासून खणखणीत होता. एका म्हाताऱ्या आजोबांना त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. आजोबांनी काही न बोलता गिअरचा दांडा हातात धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

तिथंच दादानं तो फॉर्म काढला. २०२१च्या जुलैत केंद्रानं नियम केला आहे: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं होऊन गेलेली आणि मूळ रूप टिकवून असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नोंदणी १० वर्षं चालते. दर ५ वर्षांनी पासिंगसाठी खेटे घालणारे बाबा मला आठवतात, त्यामुळे दादाचं म्हणणं मला पटत होतं. वहिनीही खूश. मग मी खालच्या अटी वाचल्या. अशी गाडी रोजच्यासारखी रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

"म्हणजे भंडारदऱ्याला न्यायची नाही?" मी विचारलं.

"अगं, आता जपायला हवं तिला," दादा म्हणाला.

बाबा फडकं झटकत उभे होते. ते काहीच बोलले नाहीत.

परतताना भर उन्हात गाडी बंद पडली. मे महिन्यात ती पडतेच. इंजिनाच्या धगीनं पंपातच पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढत राहतो आणि कार्ब्युरेटरपर्यंत थेंबही पोचत नाही. बाबांनी बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवला, पंपावर पसरला आणि आम्ही झाडाखाली जाऊन उभे राहिलो. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा भपकारा आला. चिमू, जी लहानपणी मुद्दाम पुढे बसून हा वास घ्यायची, ती ओढणी नाकाला लावून पार पलीकडे गेली. मी म्हटलं, "काय झालं हिला?" ओवी म्हणाली, "तिच्या बाळाला वास आवडत नाही." आणि पाठोपाठ ते वाक्य.

रुमाल वाळेपर्यंत कुणीच बोललं नाही. आईनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, मला तहान लागली नसताना. मी चिमूकडे गेले, तिला मिठी मारली, "कधीची तारीख?" असं विचारलं, हसलेसुद्धा. ते हसू खरं होतं, हे इथं नोंदवून ठेवायचं आहे मला. बातमी ऐकून मला आनंदच झाला. बोचलं ते दुसरंच.

डिसेंबरपासून हे चाललंय. मी खोलीत आले की आवाज खाली येतात. मावसबहिणीच्या बाळाचे फोटो ग्रुपवर यायचे एकाएकी थांबले, म्हणजे ते दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपवर जात असणार, ज्यात मी नाही. वहिनी ओवीचे जुने कपडे कुणाला देऊन आली तेही मला भलतीकडूनच कळलं. आई माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघते, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसतं. ही सगळी माझ्यावर जीव टाकणारी माणसं आहेत. कुणावर ओरडू? कुणी वाईट वागलं असतं तर भांडता आलं असतं. प्रेमानं वगळलं जातं तेव्हा हातात काही उरतच नाही. शनिवारी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला स्वतःची इतकी कणव आली की शेवटी उठून तोंड धुतलं.

मलाही व्हिंटेज करून टाकलंय, असं वाटलं. सणासमारंभाला बाहेर काढायची, दुरुस्तीला न्यायची, एरवी दोरीच्या आत उभी करायची.

हा झोपला होता. त्याला उठवावं असं वाटलं, उठवलं नाही. त्याच्याशी या विषयावर अजून आमचं नीट... ते असो.

रविवारी सकाळी तंबू काढले. मोठा तंबू बहुधा गेल्या पावसाळ्यात ओला असतानाच गुंडाळला गेला होता. आतलं कोटिंग चिकट झालंय, शिवणींवरची टेप सुटत चाललीय आणि वास तर विचारू नका. तो बाद. दोघांचा लहान तंबू ठणठणीत आहे. दादानं शेजाऱ्यांकडून आणखी एक मिळवलाय. भंडारदऱ्याला जूनच्या पहिल्या आठवड्यात जायचं, कारण काजवे मेच्या अखेरीपासून दिसू लागतात आणि एकदा मोठा पाऊस लागला की संपले. ओवीनं शाळेच्या वहीत सगळं उतरवून घेतलंय: हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर जास्त असतात, नर काजवा चमकून मादीला खुणावतो, म्हणून तिथं टॉर्च मारायची नाही आणि गाडीचे दिवे बंद ठेवायचे. "आपल्या उजेडात त्यांना एकमेकांचा दिसत नाही," असं तिनं मला समजावलं. कालच्या प्रकारानंतर माझ्याशी बोलायला ती जरा बिचकत होती. तंबूच्या काठ्या जोडायला मी तिला बरोबर घेतलं तेव्हा सैल झाली. आतली रबरी दोरी ताणून नळीत नळी टक् करून बसली की तिला फार मजा वाटते. सगळ्या काठ्या तिनंच जोडल्या.

चिमू दुपारी गच्चीवर आली, एकटीच. खुंट्यांची पिशवी घेऊन. पिशवी ही सबब होती, खुंट्या मी आधीच मोजून ठेवल्या होत्या. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली आणि म्हणाली, "ताई, मी शुक्रवारी तुलाच सांगायला आले होते. सगळ्यांत आधी." खाली फाटकापर्यंत आली होती म्हणे. तिथून तिला मी दिसले, टूथब्रश घेऊन मडगार्डखाली वाकलेली, गुणगुणत असलेली. "कितीतरी दिवसांनी ऐकलं गं तुला. म्हटलं, आज नको." मग ती वर आईकडे गेली, आईनं दादाला सांगितलं, आणि आत्याला इतक्यात सांगायचं नाही हे ओवीच्या कानावर आजीनं घातलं. एवढंच घडलं होतं.

हे ऐकून बरं वाटलं का? निम्मं वाटलं. ती माझ्यासाठी फाटकातून मागे फिरली हे कळलं तेव्हा पोटात हललं. पण राग तेवढ्यानं गेला नाही आणि मी तो लपवलाही नाही. मी तिला म्हटलं, मला रडू आलं असतं. नक्की आलं असतं. मडगार्डखाली बसून रडले असते आणि मग तुझ्यासाठी हसले असते, दोन्ही झालं असतं. ते तू बघायला हवं होतंस. रडू येईल म्हणून मला बाजूला ठेवलंत तर माझ्या वाट्याला फक्त रडणंच उरतं, आनंदातला वाटा कुणीतरी परस्पर उचलून ठेवतं.

ती खुंटीनं गच्चीवरचं शेवाळ खरवडत होती. म्हणाली, "मला भीती वाटते, ताई. तुझं बघितल्यापासून फार वाटते. आणि ती भीती तुझ्याजवळच बोलावीशी वाटते आणि तुझ्याजवळच बोलता येत नाही."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गेले दोन दिवस मला वाटत होतं की सगळे माझ्या दुःखाला घाबरून आहेत. चिमूला स्वतःची भीती होती आणि ती ठेवायला जागा नव्हती. त्यानंतर आम्ही बराच वेळ बोललो. ते सगळं इथं लिहीत नाही. तिची वाक्यं तिची आहेत.

संध्याकाळी दादाला सांगितलं की फॉर्म राहू दे. त्यानं वाद घातला आणि तो चुकीचं बोलत होता असंही नाही. जुनी गाडी, त्यात घाट, वर हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप खराब होतात. त्याला म्हटलं, पाइप बदलू, पहाटे अंधारात निघू म्हणजे ऊन चढायच्या आत घाट पार होईल, ओला रुमाल हाताशी ठेवू. त्यानं बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "पाइप मी उद्याच बघतो." एवढं बोलून ते तडक किल्ली घ्यायला उठले. रात्री आठ वाजता! आईनं हाताला धरून बसवलं.

आईशी बोलायचं राहिलंय. ती भांडी आवरताना "तुझ्यासाठीच गं" इतकंच म्हणाली आणि मी "माहितेय" म्हटलं. तिला याहून जास्त आता झेपलं नसतं. मलाही नाही. होईल सावकाश.

चिमू भंडारदऱ्याला येणार नाहीये, डॉक्टरांनी प्रवास टाळायला सांगितलंय. काजव्यांचं सगळं तिला येऊन सांगायचं काम ओवीनं अंगावर घेतलंय. आणि गुरुवारी तिची सोनोग्राफी आहे. गच्चीवरून खाली उतरताना तिनं विचारलं, "तू येशील बरोबर?" ते सेंटर तेच आहे. त्या खोलीतलं ते टेबल, तो पडदा, स्क्रीन आपल्याकडे वळवतात की वळवत नाहीत याकडे लागलेलं लक्ष. तिला हे सगळं ठाऊक आहे आणि तरी तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मग तिनं घाईघाईनं सांगितलं की दुसरी गाडी काढ, फियाटचा वास तिला मुळीच सोसत नाही. सकाळी दहाची वेळ आहे, साडेनऊला तिच्याकडे पोचते म्हणून सांगितलंय.