तुम्ही विचारलंत म्हणून: रुग्णवाहिकेशेजारी वैकुंठरथ कशाला?

सोलापुरात जुन्या रुग्णवाहिका आणि शववाहिन्या जपणाऱ्या आम्हा मंडळींना मेळाव्यात एक प्रश्न हमखास येतो. "रुग्णवाहिका ठीक आहे हो, पण तिच्या शेजारी वैकुंठरथ कशाला लावता? अपशकुन नाही का?" विचारणारा बहुधा बॉनेटसमोर उभा असतो. आम्ही त्याला मागच्या दाराशी नेतो.

दार उघडलं की दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. आडव्या माणसाला न हिंदकळता न्यायचं, दोघांनी आत सरकवायचं, दोघांनी उतरवायचं. त्यासाठी लागतं सपाट फ्लोअर, सरळ रूळ, पक्का खटका आणि रुंद दार. अमेरिकेत तर एकच गाडी दोन्ही कामं करायची, कारण तिथं अंत्यविधीचा व्यवसाय करणारेच जखमींनाही दवाखान्यात पोचवायचे. कॅडिलॅकच्या लांब चेसिसवर बांधलेल्या 'कॉम्बिनेशन' गाडीत शवपेटी सरकवायचे फ्लोअरमधले रोलर उलटे केले की सपाट बाजू वर यायची, घडीची खुर्ची उघडायची, आणि शववाहिनीची रुग्णवाहिका व्हायची. १९७०च्या दशकात रुग्णवाहिकांचे नियम कडक झाले आणि या गाड्या मागं पडल्या. तिथल्या प्रोफेशनल कार सोसायटीनं, म्हणजे १९७६ साली सुरू झालेल्या मंडळानं, दोन्ही प्रकार एकाच छताखाली घेतले. आम्हालाही तेच योग्य वाटतं.

आपल्याकडं या कामात ॲम्बॅसडर मोटारी आणि मॅटाडोर व्हॅन खूप राबल्या. ॲम्बॅसडरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ९७ इंच, म्हणजे जेमतेम आठ फूट. त्यातली बरीच जागा ड्रायव्हरची. साडेसहा फुटी स्ट्रेचर आत घेतलं की त्याचा एक भाग मागच्या ॲक्सलच्याही पलीकडं जातो, आणि खड्ड्यात सगळ्यात जास्त तोच उडतो. त्यात निवृत्त झालेली गाडी कुणी माल वाहायला वापरली असेल तर मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एखादा पाटा वाढवलेला असतो. तो काढा. दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. फरक अर्ध्या इंचाहून जास्त असेल तर पाटे उतरवून तपासायलाच हवेत. मॅटाडोरचं बरं होतं. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, मागच्या चाकांकडं ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्टच नाही, म्हणून फ्लोअर खाली आणि सपाट. स्ट्रेचर उचलणाऱ्याची कंबर त्यामुळं वाचायची.

इंजिनाला मिस्त्री मिळतो. खरी कसोटी मागच्या फ्लोअरची. स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि तीन जागी टोचून पाहा: व्हील आर्चच्या (चाकावरच्या कमानीच्या) मागं, स्ट्रेचरच्या खटक्याखाली, आणि मागच्या दारालगतच्या शेवटच्या सहा इंचांत. टोक सहज आत गेलं तर प्लाय कुजलाय. कारण साधं आहे. ही गाडी रोज पाइप लावून धुतली जायची. पाणी दाराकडं यायचं, तिथल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली अडकायचं आणि निचऱ्याची भोकं बुजलेली असायची. त्यात ब्लीचिंगचं पाणी. ॲल्युमिनियम आणि लोखंड ओले एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झपाट्यानं गंजतं.

दुरुस्ती करताना कुजलेला प्लाय फेकू नका, तोच तुमचा साचा. त्याच्यावरून नव्या प्लायवर भोकांसकट आखणी करा. आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या आणि जाडी जुन्याइतकीच ठेवा. इथं फार जण फसतात. १२ मिमीच्या जागी १८ मिमी टाकला की रूळ ६ मिमी वर येतात, खटका स्ट्रेचरच्या दांडीला नीट धरत नाही आणि ब्रेक मारताच स्ट्रेचर सुटतं. कापलेल्या कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आत इपॉक्सीचे तीन हात द्या. स्क्रू स्टेनलेस, आणि ॲल्युमिनियम पट्टीखाली रबराची पट्टी. रूळ बसवल्यावर पाणसळ लावा. मग स्ट्रेचरवर २० किलोच्या चार वाळूच्या पिशव्या बांधा, मोकळ्या मैदानात ताशी २० किलोमीटरनं नेऊन जोरात ब्रेक मारा. स्ट्रेचर बोटभरही हलता कामा नये. या चाचणीला माणूस झोपवू नका.

वैकुंठरथाचं दुखणं वेगळं. तिथं रुळांत गुलाल, लाह्या, फुलांच्या पाकळ्या, तेल, तूप साचतं. गुलाल ओल धरून ठेवतो आणि त्याखाली पत्रा सडतो. आधी पाणी मारलंत तर त्याचा चिखल होऊन फटीत घट्ट बसतो, म्हणून पहिल्यांदा कोरडा ब्रश, मग व्हॅक्यूम, शेवटी ओलं फडकं. पार्थिव ठेवायच्या ट्रेच्या रोलरना ग्रीस लावू नये, त्यात गुलाल मिसळून सांध्यात घासणारी पेस्ट तयार होते. ग्रॅफाइटची पूड पुरते. आणखी एक गोष्ट सोलापुरात लक्षात ठेवावी लागते. लिंगायत समाजात पार्थिव बसवून नेण्याची रीत आहे. म्हणून एखाद्या गाडीचं छप्पर उंच किंवा ट्रे काढता येणारा दिसला तर ती नंतरची ठिगळं समजून 'मूळ रूपात' आणायची घाई करू नका. तो बदल हाच त्या गाडीचा इतिहास असू शकतो.

गाडी ताब्यात घेतल्यावर पहिलं काम सफाईचं. जाड हातमोजे, टॉर्च आणि चिमटा घ्या, सीटच्या फटीत जुन्या सुया सापडू शकतात. बाजारातलं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी चार भाग, म्हणजे १ टक्क्याचं द्रावण होतं. दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्यानं पुसा. संडास साफ करायच्या ॲसिडात ते कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. ऑक्सिजनचा काळा, पांढऱ्या खांद्याचा सिलिंडर सोबत आला असेल तर तो अधिकृत पुरवठादाराकडून रिकामा करूनच मांडा. त्याच्या व्हॉल्व्हला तेलाचा थेंबही लागू देऊ नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं.

कागदांबद्दल थोडक्यात. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, आणि रोजच्या वापराला मनाई. आधी आरसीवर कोणता वर्ग लिहिलाय ते वाचा, अर्ज तिथंच अडतो. लाल क्रॉसचं चिन्ह १९६०च्या जिनिव्हा करार कायद्यानं संरक्षित आहे, ते आणि वरचा दिवा रस्त्यावर कापडानं झाकून आणा.

सरकारी रुग्णवाहिका आता जवळपास हाती लागत नाहीत. १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढं चालत नाही, त्या भंगारात जातात. उरल्यात त्या ट्रस्टच्या आणि जुन्या खासगी दवाखान्यांच्या आवारात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ साली भारतातून चीनला मदतीसाठी जे पाच डॉक्टरांचं पथक गेलं त्यात ते होते, आणि त्या मोहिमेसाठी जमवलेल्या निधीत रुग्णवाहिकेचाही खर्च धरला होता. अशा गावात एकही जुनी रुग्णवाहिका उरू नये, हे आम्हाला मनापासून खुपतं.

मेळावा डिसेंबरात, सकाळी सातला सुरू करावा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेची गर्दी, आणि मार्चनंतरच्या उन्हात पेट्रोल पाइपातच उकळून ॲम्बॅसडर बंद पडते. गाड्या पाठ लोकांकडं करून लावा आणि प्रत्येकीमागं १२ फूट मोकळे सोडा: साडेसहा फूट स्ट्रेचरचे, बाकी उचलणाऱ्यांचे. खोटं रक्त, बाहुल्या, पांढऱ्या चादरीखाली झोपलेला माणूस, यातलं काहीही आम्ही मांडू देत नाही. दवाखान्याच्या १०० मीटरांत शांतता क्षेत्र असतं, तेव्हा जागा त्याबाहेरची निवडा. सायरन दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, अर्धा मिनिट. त्याच वेळी रस्त्यावरून अंत्ययात्रा येताना दिसली तर सायरन रद्द, सगळी इंजिनं बंद, आणि यात्रा पुढं जाईपर्यंत सगळ्यांनी उभं राहायचं.