‘दो-चार बार’

मी न्यू जर्सीत एका वकीलबाईंकडे शनिवारी दुभाष्याचं काम करते, हिंदीतून इंग्रजीत, पैसे न घेता. येणारे बहुतेक असायलम मागणारे, म्हणजे मायदेशी छळ होतो म्हणून अमेरिकेत आश्रय मागणारे. कुणाचं नावगाव सांगणार नाही, पण एक केस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय.

पोलिसांनी किती वेळा मारलं असं विचारल्यावर त्या केसमधला माणूस म्हणाला होता, "दो-चार बार". आपणही दोन-चार वेळा म्हणतो तेव्हा कोण मोजत बसतं? पण पहिल्या मुलाखतीत फोनवरच्या दुभाष्याने त्याचं सरळ "दोनदा" केलं, तेच कागदावर आलं, आणि पुढे इमिग्रेशन जजसमोर तो नीट आठवून "पाच वेळा" म्हणाला. झालं, जबाब जुळत नाही, विश्वास ठेवण्यासारखा नाही, अर्ज नामंजूर. २००५ च्या रिअल आयडी कायद्यामुळे अशी तफावत दाव्याच्या मुळाशी नसली तरी जज ती धरू शकतो.

मग अपील बोर्ड, तिथेही नकार, मग फेडरल अपील कोर्ट. त्याच्या घरच्यांना वाटतं आता खरं कोर्ट आलं. एका अर्थी बरोबर आहे, कारण इमिग्रेशन जज आणि बोर्ड दोन्ही सरकारच्या न्याय खात्यातले, हे कोर्ट स्वतंत्र. पण इथे केस पुन्हा ऐकत नाहीत, नवा पुरावा चालत नाही, फक्त जुनी फाइल बघतात, आणि तीही एवढंच पाहायला की ती वाचून कुठल्याही समंजस माणसाला खालच्या निकालाच्या उलट निष्कर्ष काढणं भागच पडलं असतं का? खालच्या जजचं चुकलं असावं एवढं वाटून भागत नाही. अर्जाला ३० दिवस, आणि अर्ज केला म्हणून डिपोर्टेशन आपोआप थांबत नाही, स्टे, म्हणजे तात्पुरती स्थगिती, वेगळा मागायचा.

संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराखाली, छळ होईल तिथे परत न पाठवण्याचं जे संरक्षण मिळतं, त्याचंही तेच. तिथे धर्म, राजकारण असं कारण दाखवावं लागत नाही, पण परत गेल्यावर छळ होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त हवी आणि त्यात सरकारी माणसांचा हात किंवा मूक संमती हवी. नसरल्ला नावाचा लेबनॉनचा तरुण, चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा कबूल केलेला, त्याला इमिग्रेशन जजने हे संरक्षण दिलं, बोर्डाने काढून घेतलं, आणि अपील कोर्ट म्हणालं की गुन्ह्यामुळे तुझ्या केसमधल्या वस्तुस्थितीचे मुद्दे आम्ही तपासूच शकत नाही. १ जून २०२० ला सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल दिला की तपासता येतात. वाचून मला खूप बरं वाटलं, पण पुढे त्याच निकालात होतं की कसोटी मात्र तीच, वर सांगितली ती.

म्हणजे सगळं पहिल्या जबाबावर येऊन थांबतं. सुनावणीच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये दुभाष्याचं इंग्रजीच उतरतं, मूळ हिंदी शब्द तिथे नसतोच. वरच्या जजने कितीही मन लावून वाचलं तरी त्याच्यापुढे "दोनदा"च येणार, हे मला फार लागतं.

त्याची फाइल आता त्या अपील कोर्टात आहे. मी मात्र आता कुणी "दो-चार" म्हणालं की वकीलबाईंना सांगून थांबते आणि एकेक वेळ विचारायला लावते, कुठे, कोण होतं, त्या वेळी थंडी होती का. परवा एक बाई बोटांवर मोजून सांगत होत्या, तिसऱ्या बोटाशी आवाजच फुटेना. पाणी दिलं, अर्धा तास तशाच बसलो, मग त्या स्वतःच म्हणाल्या, "लिखिए".