तुम्ही विचारलंत म्हणून: तो जुना कॉम्प्युटर फॉरमॅट का करत नाही?

दुकानात पत्रिका छापायला आलेली माणसं विचारतात, नातेवाईक विचारतात, आता कॉलेजात शिकणारा भाचाही विचारतो: "चालू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं येणार, त्यातलं एक निवडायचं, आणि मधूनच ते बिघडणार. एकदा फॉरमॅट मारून एकच सिस्टिम टाक आणि मोकळी हो ना!" आजवर मी "बघू" म्हणून विषय टाळत आले. आता एकदा सविस्तर सांगते.

एकाच मशिनवर एका बाजूला विंडोज एक्सपी आहे, दुसऱ्या बाजूला डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. एक्सपी मी हौसेखातर ठेवलेलं नाही. बाबांनी छपाईचे खिळे जुळवायचं सोडून डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावणं सुरू केलं, तेव्हापासूनचं काम पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या फायलींत आहे. यात्रेच्या पुस्तिका, भजनी मंडळांच्या वह्या, शाळांच्या स्मरणिका, सगळं. तो मजकूर युनिकोडच्या, म्हणजे आताच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहे. त्यात मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत, त्यामुळे फॉन्ट नसेल तर पानभर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. कन्व्हर्टर आहेत, मी ते वापरतेही. पण त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप झालेली असते, रफार अक्षरानंतर, आणि जोडाक्षरं तुकड्यातुकड्यांनी. एखाद्या अभंगातला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला, तर मूळ पान समोर असल्याशिवाय कळत नाही. मूळ पान फक्त एक्सपीवर उघडतं, कारण त्या टायपिंग सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे जे लावल्याशिवाय ते चालत नाही ती छोटी डबी, जुन्या पंचवीस पिनांच्या प्रिंटर पोर्टला लागतं. व्हर्च्युअल मशिनमध्ये, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये टाक, असं सुचवणाऱ्यांना सांगते: प्रयत्न केला, तिथून ते लॉक ओळखलं जात नाही.

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, म्हणून त्याला मी इंटरनेट जोडत नाही. मेल, रूपांतर, बॅकअप हे सगळं डेबियनवर. म्हणजे दोन्ही लागतात. हे मान्य नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

आता एका दिवाळीचं सांगते. एका स्मरणिकेचं काम संपत आलं होतं. मुखपृष्ठासाठी एक सॉफ्टवेअर रीतसर पैसे भरून घेतलं, एक्सपीवर टाकलं, लायसन्स ॲक्टिव्हेट केलं. संध्याकाळी कॉम्प्युटर बंद केला. सकाळी चालू केला तर पडद्यावर 'ग्रब लोडिंग' एवढंच उमटायचं आणि मशिन परत रिस्टार्ट व्हायचं. ग्रब म्हणजे सुरुवातीला तो दोन नावांचा मेनू दाखवणारा प्रोग्राम. मेनू येईना, एक्सपी येईना, डेबियन येईना. जुना बॅकअप बाहेरच्या डिस्कवर होता, पण त्या हंगामात रूपांतर करून प्रूफ वाचून झालेली पानं याच डिस्कवर, डेबियनच्या बाजूला होती. हाताशी दुसरा कॉम्प्युटर नव्हता. सीपीयू उचलला आणि बाजारपेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला.

त्यांनी डिस्क काढून यूएसबीच्या वायरने आपल्या विंडोजच्या मशिनला जोडली. एक्सपीची बाजू लगेच दिसली. दुसऱ्या बाजूसाठी खिडकी उघडली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

"ताई, हे पार्टिशन, डिस्कचा हा भाग, करप्ट आहे. एक्सपीचं कॉपी करून देतो, बाकी फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकू."

"दादा, ते करप्ट नाही, ते लिनक्सचं आहे. विंडोजला ते वाचता येत नाही."

"विंडोजला दिसत नाही म्हणजे त्यात काही राहिलेलं नाही, ताई."

बोलता बोलता त्यांनी माउसचा बाण त्या बटणावर नेला होता. बोट क्लिकवरच होतं. मी काउंटरवरून वाकले आणि वायर उपटली. ते चिडले. "मग तुम्हीच करा घरी बसून," म्हणाले. दुकानातली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. तुम्ही "फॉरमॅट मार" इतक्या सहज म्हणता तेव्हा मला ते बटण दिसतं. तुम्हाला माझा आवाज चढलेला वाटतो, तो त्यामुळे.

त्या माणसाचा मला राग आहे, पण त्याची बाजूही मला कळते. दिवसभर दारात रांग असते आणि फॉरमॅट केल्यावर बहुतेकांचं काम भागतं. त्याने नुसता विंडोजचा बूट कोड, म्हणजे मशिन चालू होताना सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, परत लिहिला असता, तर एक्सपी बहुधा तेवढ्यात चालूही झालं असतं. पण अनुक्रमणिकेचं पान फाटलं म्हणून कुणी अख्खं पुस्तक रद्दीत घालत नाही, आणि इथे फाटलं होतं तेवढंच पान.

काय फाटलं होतं ते सांगते. जुनं मशिन चालू झालं की डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे पहिला कप्पा वाचतं, ५१२ बाइटचा. त्यात ४४६ बाइट बूट कोडसाठी, ६४ बाइट पार्टिशन टेबलसाठी (कुठला भाग कुठे सुरू होतो त्याची यादी) आणि शेवटचे दोन बाइट सहीचे. अख्खा ग्रब ४४६ बाइटमध्ये मावत नाही. त्याचा मोठा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत राहतो. एक्सपीच्या पद्धतीत पहिलं पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होतं, म्हणून मधे ६२ सेक्टर, जेमतेम ३१ केबी. ही जागा कुठल्याच फाइलची नसते. नेमकी म्हणूनच काही लायसन्सची सॉफ्टवेअर आपली खूण तिथे लपवतात, म्हणजे विंडोज पुन्हा टाकलं तरी ती पुसली जात नाही. तशीच खूण माझ्या ग्रबवर लिहिली गेली होती.

भाच्याच्या लॅपटॉपवर लाइव्ह सीडी, म्हणजे डिस्कला हात न लावता सीडीवरूनच चालणारी लिनक्स, लिहून घेतली. काहीही दुरुस्त करण्याआधी डिस्कचे पहिले ६३ सेक्टर पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवले आणि एकेक ओळ वाचत गेले. पहिल्या सेक्टरच्या शेवटी ५५ एए, म्हणजे सही शाबूत. डावीकडे आकडे आणि उजवीकडे त्यांची अक्षरं दिसत होती; उजवीकडच्या रकान्यात 'ग्रब' ही अक्षरंही जागेवर. पार्टिशन टेबलही धड होतं. डेबियनची बाजू माउंट केली, म्हणजे वाचण्यासाठी जोडून घेतली, फोल्डर उघडला, प्रूफ वाचलेली सगळी पानं तिथे होती. मी रडले, त्याचं मला काही वाटत नाही.

मग ग्रब नव्याने बसवला. कमांड चालताना इशारा आला: ३२ क्रमांकाचा सेक्टर अमुक प्रोग्राम वापरतो आहे, तो वगळतो आहे. पुढे लिहिलं होतं की या सॉफ्टवेअरमुळे पुढेही बूटिंगला अडचण येऊ शकते, बूट ट्रॅकमध्ये (पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या त्या जागेत) डेटा ठेवू नका असं त्याच्या कर्त्यांना कळवा. म्हणजे हा त्रास इतक्या जणांना झाला होता की ग्रब लिहिणाऱ्यांनी अशा प्रोग्रामांच्या खुणा ओळखून तेवढा सेक्टर सोडायची सोय करून ठेवली होती. रिस्टार्ट केलं, मेनू आला, दोन्ही चालू झालं. मी कंपनीला खरंच कळवलं. उत्तर आलं, आम्ही लिनक्सला सपोर्ट देत नाही.

तेव्हाची मी ठामपणे म्हणायची, दोष त्या लायसन्सवाल्यांचा, आपली रचना बरोबर आहे. आता तेवढं ठाम म्हणवत नाही. डेबियन १२ वर आले तेव्हा मेनूतून एक्सपीच नाहीसं झालं. मदतीला येणारी मुलगी घाबरून म्हणाली, "ताई, एक्सपी उडालं!" उडालं नव्हतं. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधणं सुरक्षेसाठी मुळातच बंद ठेवलेलं असतं. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून मेनू पुन्हा तयार केला की झालं. पण ज्याला ती ओळ माहीत नाही त्याने काय करायचं? तो त्या दुकानातच जाणार.

आता डेबियन वेगळ्या डिस्कवर आहे, ग्रबही तिकडेच. एक्सपीच्या डिस्कवर एक्सपीचाच बूट कोड. हे आधीच का नाही केलं, असं तेव्हाची मी विचारते. तिला मी सांगते, तेव्हा दुसऱ्या डिस्कचे पैसे कागदाच्या रिमांना गेले होते. हे तिला पटत नाही, आणि मलाही पूर्ण पटत नाही. त्यात मदरबोर्ड गेला तर या दोन डिस्कांचा उपयोग काय, हा प्रश्न राहतोच. तो पंचवीस पिनांचा पोर्ट असलेला चालू बोर्ड मी शोधते आहे. तुमच्याकडे तसा जुना डबा पडला असेल, तर भंगारात घालण्याआधी मला एक फोन करा.