बावीस मिनिटं, माँट्रू ते लोझान

आई इथे आली आणि तिसऱ्याच रविवारी कंटाळली. स्वित्झर्लंडमधल्या आमच्या लोझानमध्ये रविवारी दुकानं बंद असतात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि जिन्यात शेजारी भेटले तर ‘बाँझूर’ म्हणून पुढे निघून जातात. "मेलं कुणी विचारतसुद्धा नाही, कुठे निघालात म्हणून," ती म्हणाली. वाईत घाटावर नुसतं पाय मोकळे करायला जायचं म्हटलं तरी वाटेत चार जणांना हिशेब द्यावा लागतो. त्या हिशेबाचा कंटाळा येऊन मी इतक्या लांब आले आणि हिला त्याचीच आठवण येत होती.

"चल, तुला पाचगणीचा एक मुलगा दाखवते," मी म्हटलं.

"इथे? कुणाचा गं?"

"बलसारांचा."

ती लगेच साडी बदलायला गेली. स्थळ-बिळ काहीतरी असावं असं तिला वाटलं असणार. मी खुलासा केला नाही.

लोझानहून माँट्रूला जाताना उजवीकडे लेमाँ सरोवर लागतं (आपण भूगोलात जिनिव्हा सरोवर म्हणून शिकलो ते हेच), आणि डावीकडे लावोचे द्राक्षमळे. दगडी ताली घालून डोंगरभर पायऱ्या केल्या आहेत. आईला मावळातली भातखाचरं आठवली. "आपल्याकडे ताली पावसात वाहून जातात, यांच्या कशा राहतात?" या प्रश्नाचं उत्तर शोधेपर्यंत व्हवे गेलं आणि माँट्रू आलं.

बाजारचौकातून खाली पाण्याकडे गेलं की काठावरच तो उभा आहे. ब्राँझचा, पुरुषभर उंचीच्या दीडपट तरी. एक हात मूठ वळून आभाळात, दुसऱ्या हातात त्याचा तो प्रसिद्ध अर्धा माइक-स्टँड, पाठ गावाकडे आणि तोंड सरोवराकडे. पायाशी फुलं होती. दोन इटालियन मुली त्याच्यासारखाच हात वर करून फोटो काढत होत्या.

"हा?" आई म्हणाली. "हा पाचगणीचा?"

तर हा फारुख बलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक. जन्म 5 सप्टेंबर 1946, झांजिबार. घराणं पारशी. वडील, बोमी बलसारा, तिथे ब्रिटिश सरकारच्या कोर्टात कॅशियर होते. मुलगा आठेक वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी त्याला बोटीनं मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात धाडलं. फ्रेडी हे नाव तिथलंच. पियानोवर हात तिथेच बसला आणि 1958 साली, बाराव्या वर्षी, ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड त्यानं शाळेतल्या मित्रांबरोबर तिथेच काढला. त्यात तो गायक नव्हता, पियानो वाजवायचा. 1963 साली तो झांजिबारला परतला, पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली आणि घरदार इंग्लंडला गेलं. मोठा झाल्यावर मुलाखतींत तो पाचगणीबद्दल फारसं बोलला नाही. आमच्या वाईतून मात्र पसरणीचा घाट चढला की ती शाळा आहेच, आणि आई लग्न होऊन आल्यापासून तिच्या आसपासनं शेकडो वेळा गेली असेल, बहुतेक वेळा स्ट्रॉबेरीच्या पाट्या मोजत.

"पारशी होय," आई म्हणाली. "तरीच मिशी अशी." आणि मग जरा वेळानं, "आईबापापासून लांब, आठ वर्षांचं पोर."

पुतळा इथे का, लंडनला का नाही, हे तिला कळेना. त्याचं कारण चौकापासून पाच-दहा मिनिटांवर आहे: कॅसिनो. हा कॅसिनो रॉकवाल्यांच्या इतिहासात दोनदा येतो. 4 डिसेंबर 1971 ला इथे फ्रँक झापा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी आत फ्लेअर (इशाऱ्याचा पेटता बाण) उडवला, अख्खी इमारत जळाली आणि सरोवरावर पसरलेला तो धूर बघून डीप पर्पल या ब्रिटिश बँडनं ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणं केलं. गिटार हातात धरणारा प्रत्येक पोरगा पहिल्या आठवड्यात जे वाजवतो, ते. पुन्हा बांधलेल्या कॅसिनोत मग माउंटन स्टुडिओज सुरू झाला. क्वीननं 1978 मध्ये तिथे एक अल्बम केला आणि पुढच्या वर्षी स्टुडिओच विकत घेतला. फ्रेडीला आधी हे गाव अगदीच झोपाळू वाटलं होतं. विकत घेतलेल्या स्टुडिओचं आता करायचं काय असं विचारल्यावर तो म्हणाला होता, सरोवरात टाकून द्या, असा एक किस्सा इथे सांगतात. खरा असो-नसो, त्याला शोभणारा आहे.

शेवटी त्याला हेच झोपाळू गाव हवंसं झालं. 1990-91 मध्ये तो एड्सनं खंगत चालला होता आणि लंडनची वर्तमानपत्रं त्याच्या दारावर ठाण मांडून बसली होती. इथे काठाकाठानं चालत गेला तरी कुणी थांबवायचं नाही, रोखून बघायचं नाही. ‘बाँझूर’ आणि पुढे. मला इथे आल्यावर पहिली दोन वर्षं जी वागणूक थंड, परकी वाटली, आणि आईला त्या रविवारी जी खुपत होती, त्या वागणुकीसाठी हा माणूस लंडन सोडून यायचा. हे कळल्यापासून जिन्यातल्या शेजाऱ्यांवरचा माझा राग थोडा उतरला आहे. पूर्ण नाही.

कॅसिनोत आता त्या स्टुडिओच्या जागी छोटंसं संग्रहालय आहे. आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं. दानपेटी होती, आणि ते पैसे फ्रेडीच्या नावानं एड्सविरोधी काम करणाऱ्या ट्रस्टला जातात. स्वित्झर्लंडमध्ये फुकट काही मिळतंय यावरच आईचा विश्वास बसेना. बाहेरची भिंत जगभरच्या लोकांनी लिहिलेल्या निरोपांनी इतकी भरली आहे की मूळ रंग कुठला ते कळत नाही. पोशाख, हस्तलिखितं वगैरे आहेत, ती बघावीत. पण खरी जागा ती आतली कंट्रोल रूम. तिथे पुढ्यात फेडर, म्हणजे एकेका वाद्याचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा, ठेवलेत. एक खाली ओढला की गिटार जाते, दुसरा ओढला की ड्रम्स जातात, आणि आवाज उरतो.

इथे जरा थांबून अल्बमबद्दल सांगते, कारण मी दर दोन-तीन महिन्यांनी माँट्रूला जाते ती त्याच्यासाठी. ‘मेड इन हेवन’, 6 नोव्हेंबर 1995. नुसत्या क्वीन या नावानं निघालेला शेवटचा स्टुडिओ अल्बम. फ्रेडी गेला 24 नोव्हेंबर 1991 ला, आजार जाहीर केल्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे गायक जाऊन चार वर्षं होत आली तेव्हा हा अल्बम आला. मुखपृष्ठावर हाच पुतळा, संध्याकाळच्या सरोवरापुढे, आणि मागच्या बाजूला त्याच जागी उभे असलेले बँडचे उरलेले तिघे, पहाटे. गंमत म्हणजे पुतळ्याचं रीतसर अनावरण झालं नंतर, 25 नोव्हेंबर 1996 ला. शिल्पकार इरेना सेद्लेत्स्का. फ्रेडीचे वडील त्या दिवशी इथे हजर होते. हे ऐकल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही.

या अल्बमची गाणी म्हणजे आजीची गोधडी आहे. एक तुकडा 1980 सालचा, म्युनिकच्या स्टुडिओत त्यानं पियानोवर सहज गुणगुणलेला. दोन गाणी त्याच्या 1985 च्या एकट्याच्या अल्बममधली. एक ड्रमर रॉजर टेलरच्या दुसऱ्या बँडसाठी गायलेलं. एक आधी निघालेल्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं. ‘यू डोन्ट फूल मी’ तर निर्माता डेव्हिड रिचर्ड्सनं चिंध्या जोडून उभं केलं, आणि आश्चर्य म्हणजे अल्बममध्ये सगळ्यात मोकळं, नाचरं तेच वाटतं. आधीची गाणी नुसती उचलून ठेवली नाहीत. फ्रेडीचा आवाज तेवढा ठेवून खालचं संगीत तिघांनी नव्यानं वाजवलं. सगळंच जमलंय असं मी म्हणणार नाही. ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ मूळ हलकंफुलकं होतं, त्यावर इतक्या गिटारी चढवल्यात की नवरी दागिन्यांखाली दिसेनाशी व्हावी. अल्बम म्हणून विचाराल तर फ्रेडीच्या हयातीतला शेवटचा, फेब्रुवारी 1991 चा ‘इन्युएंडो’, माझ्या मते वरचढ आहे. तिथे चौघं एका खोलीत होते.

पण ‘मेड इन हेवन’मध्ये जे आहे ते ‘इन्युएंडो’त असूच शकत नाही.

‘अ विंटर्स टेल’ हे त्यानं या सरोवराकडे बघत, काठच्या घरात लिहिलेलं गाणं. त्यात रडणं नाही. मरणाची तारीख जवळजवळ ठाऊक असलेला माणूस पाणी, डोंगर आणि हिवाळ्याचं आभाळ बघतोय आणि त्याला ते सगळं आवडतंय, इतकंच. आणि दुसरं, ‘मदर लव्ह’. मे 1991. उभं राहणंही कठीण झालेलं असताना तो बँडचा गिटारवादक ब्रायन मे याला म्हणाला होता की मला शब्द देत जा, मिळेल ते गातो, बाकीचं तुम्ही नंतर पुरं करा. संगीत तयार नव्हतंच. ड्रम मशीनच्या ठेक्यावर तो एकेक ओळ गात गेला. त्यातली एक ओळ इतकी उंच आणि इतक्या ताकदीनं येते की आजारी माणसाची वाटत नाही. मग तो म्हणाला, थोडी विश्रांती घेतो, राहिलेलं परत आल्यावर. परत आला नाही. शेवटचं कडवं ब्रायन मे गातो.

मी फेडर ओढून आईला हे सगळं रॉकवाल्यांच्या भाषेत समजावत होते. गाणं वाजायला लागलं तशी तिनं हातानंच मला गप्प केलं. इंग्रजी शब्द तिला कळत नव्हते. डोळे मिटून ऐकत होती. आवाज बदलला तिथे तिनं डोळे उघडले.

"श्वास संपला ना त्याचा?"

"हो. पुढे दुसरा गातोय."

"मागे बसलेला."

आई लग्नाआधी साताऱ्याला एका बाईंकडे गाणं शिकायची. मैफलीत बाईंच्या मागे तंबोरा घेऊन बसायची. बाई उतारवयात होत्या. बडा ख्याल चालू असताना मध्येच त्या थांबत, आणि मागच्यानं आवाज उचलायचा. "उचलताना एक सांभाळायचं," आई सांगत होती, तिथेच, त्या कंट्रोल रूममध्ये, मागे दोन जपानी पर्यटक आपली पाळी यायची वाट बघत असताना. "बाईंसारखं गायचं नाही. आपल्याच आवाजात, जरा खालून. श्रोत्यांना कळलं पाहिजे की बाई थांबल्यात."

तीस वर्षांत या गाण्यावर मी कितीतरी वाचलं, पण नेमकं काय घडलंय ते मला त्या दिवशी समजलं. 1995 सालीसुद्धा जोडाजोडी करून एक कडवं निभावून नेता आलं असतं. पदरी चार वर्षं होती, मागची वीस वर्षांची रेकॉर्डिंग्ज होती, नकला करणारे गायक तर रांगेनं उभे होते. मेनं स्वतःच्या साध्या, काहीशा पातळ आवाजात ते कडवं गायलं आणि जोड उघडा ठेवला. त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, बीटल्सच्या उरलेल्या तिघांनी जॉन लेननच्या जुन्या घरगुती कॅसेटवर ‘फ्री ॲज अ बर्ड’ उभं केलं, आणि 2023 मध्ये यंत्राकडून आवाज वेगळा काढून आणखी एक गाणं आलं. आता तर मेलेल्या गायकाकडून न गायलेलं गाणंही गाऊन घेतात. ते ऐकताना मला कान टवकारून जोड शोधायची सवय लागली आहे, आणि सापडला नाही की त्या गाण्यावरचं मन उडतं.

‘मदर लव्ह’च्या शेवटी 1986 च्या वेम्ब्लीतल्या गर्दीचा आवाज येतो, मग 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचा, नाव बदलून गाणारा कोवळा फ्रेडी, आणि अगदी शेवटी तान्ह्या बाळाचं रडणं. आयुष्याची फीत उलटी. आईनं पदर डोळ्यांना लावला नाही. "हे जरा जास्त केलं," म्हणाली. मला ते पटलं नाही, पण वाद घातला नाही.

तिघांचंही पुढे फार टिकलं नाही. जानेवारी 1997 मध्ये पॅरिसला, लोझानच्याच मॉरिस बेजारच्या नृत्यसंस्थेनं क्वीन आणि मोझार्टच्या संगीतावर बसवलेल्या बॅलेच्या शेवटी ते एल्टन जॉनला घेऊन एकदा वाजले. त्यानंतर बेस वाजवणारा जॉन डीकन बाजूला झाला आणि बाजूलाच राहिला. मे आणि टेलर त्यानंतरही गाठोडं उचलून गावोगाव गेले, दुसरे गायक घेऊन. पण तेव्हा क्वीन या नावाच्या पुढे अधिकचं चिन्ह आणि त्या गायकाचं नाव लावलं. हाही उघडा ठेवलेला जोडच.

काठावर पाच फ्रँकची कॉफी घेतली. आईनं तिचे रुपये केले आणि कप निम्मा ठेवला नाही. परतीची फास्ट गाडी वीस मिनिटांची. मी तिला म्हटलं, या अल्बममध्ये तेरावं एक गाणं आहे, त्याला नाव नाही, शब्द जवळजवळ नाहीत, साडेबावीस मिनिटं नुसते सूर तरंगत राहतात. बऱ्याच लोकांना ते उगाच वाटतं. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. गाडी हलली तेव्हा चालू केलं.

व्हवे गेलं. लावोच्या ताली अंधारात गेल्या. आईचा उजवा हात मांडीवर सावकाश हलत होता, मधलं बोट एकदा, मग तर्जनी तीनदा, तंबोऱ्यावर फिरतात तशी.

लोझान आलं. दारं उघडली, माणसं उतरायला लागली. मी वायर काढायला हात पुढे केला.

"थांब," आई म्हणाली. "संपू दे."

फलाटावर उतरून दोघी एका वायरीला बांधल्यासारख्या उभ्या राहिलो. शेजारून आमच्याच इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गेले. बाँझूर म्हणाले आणि पुढे गेले.