आमची वाटचाल : एक माणूस, एक खातं

नागपूरच्या बर्डीवर दहा बाय बाराच्या गाळ्यात आम्ही कॉम्प्युटर दुरुस्तीनं सुरुवात केली. मग नेटवर्कची कामं आली, मग बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीतले वार्षिक करार. आता लोक आम्हाला ओळखतात ते ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर चॅट बसवून देणारे म्हणून. मॅट्रिक्स हा 2014 पासूनचा खुला प्रोटोकॉल, म्हणजे निरोप पाठवण्याचे ठरलेले नियम, त्यावर चालणारा सिनॅप्स हा सर्व्हर, आणि फोनमध्ये एलिमेंट हे अ‍ॅप.

सर्व्हर एका दुपारीत उभा राहतो. जपावं लागतं ते खाती उघडताना.

पहिला ग्राहक इतवारीच्या किराणा ओळीतला. माणसं आपापली नोंदणी करतील म्हणून मी ती खुली सोडली, ईमेलची पडताळणीसुद्धा ठेवली नाही. सोमवारी पाहतो तर दुकानात माणसं अकरा आणि सर्व्हरवर शेकडो अनोळखी खाती! तेव्हापासून नोंदणी बंद. रजिस्टर न्यू मॅट्रिक्स यूजर ही कमांड आम्हीच चालवतो. ती नाव विचारते, पासवर्ड दोनदा घेते आणि शेवटी विचारते, अ‍ॅडमिन करायचं का? तिथे ‘नो’. माणसं जास्त असली तर टोकन, म्हणजे स्वतः नोंदणी करण्यासाठीचा कोड, देतो. ते किती जणांना चालेल, कधी संपेल, हे आधीच ठरवून.

सर्व्हरचं नाव प्रत्येक खात्याच्या शेवटी लागतं आणि नंतर बदलत नाही. एका ठिकाणी चाचणीचंच नाव राहून गेलं. सगळी मांडणी नव्यानं केली, पैसे घेतले नाहीत.

सगळ्यात जास्त लागलं ते एका ट्रान्सपोर्ट ऑफिसातलं. तिथल्या काकांचा फोन आला, “भाऊ, पासवर्ड विसरलो ना मी. नवीन देऊन टाका.” मी दोन मिनिटांत दिला. अ‍ॅडमिननं असा पासवर्ड बदलला, की त्या खात्याची सगळी उपकरणं लॉगआउट होतात, आणि एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, संभाषणाच्या किल्ल्या तर त्या फोनमध्येच असतात, त्याही लॉगआउटबरोबर जातात. रिकव्हरी की, म्हणजे त्या किल्ल्या परत मिळवून देणारा लांब कोड, असती तर जुनं परत मिळालं असतं. ती काढून ठेवा, हे मी काकांना कधी सांगितलंच नव्हतं. सहा महिन्यांच्या बिल्टीचे फोटो, गाड्यांचे नंबर, काहीच उघडेना. अ‍ॅडमिन असून मलाही उघडता येत नाही, आणि ते तसंच असायला हवं. पण काका गप्प बसून राहिले, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

आता खातं उघडलं, की माणसाला शेजारी बसवून रिकव्हरी की त्याच्याच हातानं वहीत लिहून घेतो. त्याशिवाय आमचा पोरगा तिथून उठत नाही. ‘गोदाम’ नावाचं सामाईक खातंही आम्ही देत नाही. माल सोडा, असं कोणी लिहिलं, ते कळायला हवं. नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद होतं.

परवा बुटीबोरीच्या कारखान्यात रात्रपाळीच्या चौकीदाराचं खातं उघडलं. त्यांनी की लिहिली, एकेक अक्षर बोट ठेवून ताडून पाहिली, आणि वही डब्याच्या पिशवीत नीट ठेवली.