खडकातली सदाफुली

आज सकाळी आईला घेऊन उरवाईच्या वाटेने किल्ल्यावर गेले. 15व्या शतकात कातळात कोरलेल्या त्या भव्य जैन मूर्ती बघून उतरताना कड्याच्या भेगेत सदाफुली दिसली. मूठभरही माती नाही, वर आपलं ग्वाल्हेरचं ऊन, तरी पानं तुकतुकीत हिरवी, मधोमध फिकट शीर. पाच गुलाबी पाकळ्या, आत गडद ठिपका. रोज देवासाठी फुलं तोडणारी आई म्हणाली, "हिला हात नको लावूस गं."

मी तिथेच बसून राहिले. भाच्याला रक्ताचा कर्करोग झाला होता तेव्हा त्याच्या शिरेतून जाणारं व्हिन्क्रिस्टिन हे औषध याच झाडातलं. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर निघतं म्हणे. झाड मूळचं मादागास्करचं, इथे सगळे सदाबहार म्हणतात. (साखरेवर म्हणून कुणी पानं चावत असाल तर कृपा करून थांबा, झाड विषारी आहे.)

फोटो भाच्याला पाठवला. आता आठवीत आहे तो. लगेच फोन आला, "मावशी, हीच का ती?"

हो रे राजा, हीच.